नोकरीविषयक जाहीर लेखन

नोकरीविषयक जाहीर लेखन : सेवेत असलेल्या व्यक्तीने आपले काम, वरिष्ठ, ग्राहक अथवा मालकसंस्थेचा कारभार यांविषयी वृत्तपत्रात, पुस्तकात किंवा समाजमाध्यमांवर केलेले लेखन. असे लेखन सरसकट बेकायदा नसले, तरी ते लिहिणाऱ्यावर शिस्तभंगाची, करारभंगाची आणि क्वचित फौजदारी कारवाई होऊ शकते. प्रस्तुत नोंदीत या प्रश्नाचा विचार मुख्यतः ठाणे व नवी मुंबई परिसराच्या संदर्भात केला आहे. वागळे इस्टेट आणि ठाणे–बेलापूर पट्ट्यातील कारखाने, ऐरोली–महापे येथील माहिती-तंत्रज्ञान कंपन्या आणि महापालिका यांमुळे खाजगी व सरकारी असे दोन्ही प्रकारचे सेवानियम येथे शेजारीशेजारी आढळतात.

मराठीत या प्रश्नाची मुळे एकोणिसाव्या शतकापर्यंत नेता येतात. गोपाळ हरी देशमुख यांनी सरकारी नोकरीत असतानाच १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहिली. टोपणनावामागे नोकरीची अडचण होती, असे अनुमान करता येते. मात्र त्या काळी टोपणनावाने लिहिण्याचा प्रघातच असल्याने ते एकमेव कारण मानणे सयुक्तिक वाटत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या बाबतीत पुरावा अधिक बोलका आहे. सरकारी शाळेत शिक्षक असताना त्यांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, पुढे त्यांची रत्नागिरीस बदली झाली आणि १८७९ च्या सुमारास त्यांनी नोकरी सोडली. ही बदली लेखनामुळेच झाली, असे बहुधा मानले जाते. दोघांचेही लेखन आपल्या कचेरीविषयी नव्हते, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

करारातील गोपनीयतेचा विचार करताना सर्वोच्च न्यायालयाचा १९६७ चा सेंच्युरी स्पिनिंग खटल्यातील निकाल मूलभूत ठरतो, आणि त्याचे मूळ ठाणे जिल्ह्यातच आहे. कंपनीच्या कल्याण येथील कारखान्यात टायरकॉर्ड म्हणजे टायर मजबूत करणाऱ्या धाग्याचे उत्पादन होत असे. त्यासाठी डच आणि पश्चिम जर्मन कंपन्यांकडून तंत्रज्ञान घेताना, कर्मचाऱ्यांकडूनही गुप्ततेची हमी घेण्याची अट कंपनीने मान्य केली होती. पाच वर्षांच्या कराराने नेमलेला एक शिफ्ट सुपरवायझर मुदतीपूर्वीच राजस्थानातील प्रतिस्पर्धी कारखान्यात रुजू झाला. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायास प्रतिबंध करणारा करार रद्दबातल असल्याने आपल्यावरील बंधनही अवैध आहे, असे त्याचे म्हणणे होते. सेवाकराराच्या मुदतीतले बंधन सामान्यतः अशा प्रतिबंधात मोडत नाही, असे सांगून न्यायालयाने, त्याला तेथे काम करण्यास मनाई करणारा खालच्या न्यायालयाचा हुकूम कायम ठेवला. हा वाद दुसऱ्या नोकरीचा होता, जाहीर लेखनाचा नव्हे. तरीही नेमणूकपत्रातील गोपनीयतेच्या कलमाचे समर्थन करताना तो वारंवार पुढे केला जातो. यात एक भेद मात्र अनेकदा निसटतो : अनुभवाने अंगी आलेले सर्वसाधारण कौशल्य हे मालकाचे गुपित नसते. कामाचे स्वरूप सांगणे आणि रसायनांचे प्रमाण, ग्राहकांची यादी किंवा संगणकप्रणालीचे संकेतशब्द उघड करणे यांतील सीमारेषा याच भेदावर आखावी लागते. शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपनीचे अप्रकाशित आर्थिक आकडे उघड केल्यास, सेबी या भांडवल बाजाराच्या नियामक संस्थेच्या २०१५ च्या अंतर्गत व्यवहारविषयक विनियमांचाही संबंध येतो.

व्यवहारात नोकरीवर गदा येते ती बहुतेक वेळा शिस्तीच्या नावाखाली. कारणे दाखवा नोटीस, निलंबन, चौकशी आणि बडतर्फी असा तिचा परिचित क्रम असतो. कारखान्यात स्थायी आदेशांतील (तेथील लेखी सेवाशर्तींतील) ‘शिस्तीला बाधक कृत्य’ ही गैरवर्तनाची व्याख्या पुरेशी सैल असल्याने तीत लेखनही बसवता येते. बडतर्फ व्यक्ती कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ असेल, तर तिला औद्योगिक विवादविषयक कायद्याखाली दाद मागता येते. माहिती-तंत्रज्ञान कंपनीतील अभियंत्याबाबत मात्र वाद तेथूनच सुरू होतो. पदनाम काहीही असले तरी प्रत्यक्ष काम कोणते, हे न्यायालय पाहते. जेथे मुळात नेमणूकपत्रच दिले जात नाही, अशा ठेकेदारीच्या कामात तोंडी ‘उद्यापासून येऊ नका’ एवढे पुरते आणि त्याची नोंदही राहत नाही.

लिहिलेले खरे असले की बदनामी होत नाही, हा समजही अपुरा आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत आणि तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये सत्यकथनाचा अपवाद असला, तरी ते लोकहितासाठी केलेले असावे लागते.

सरकारी कर्मचाऱ्यांवरील बंधने अधिक स्पष्ट आहेत. राज्य कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असून शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्यास त्यात मनाई आहे. समाजमाध्यमांच्या वापराबाबत राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये काढलेल्या सूचना स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही लागू केल्या आहेत.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार येथे किती, याविषयी एकमत नाही. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. तेथे नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतर झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर पाठवणे गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ मार्च २०१५ मध्ये रद्द केले. त्यामुळे अटकेचे भय काहीसे कमी झाले, नोकरीवरील परिणाम मात्र तसाच राहिला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने, संविधानाच्या अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यादी हक्क खाजगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात, असे म्हटले. तथापि त्यावरून खाजगी कंपनीने केलेली बडतर्फी रद्द होईल, असा अर्थ काढणे घाईचे ठरेल. गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी २०१४ मध्ये केलेला केंद्रीय अधिनियम राष्ट्रपतींची संमती मिळूनही अनेक वर्षे अंमलात आणला गेला नाही. शिवाय त्याचा रोख सक्षम प्राधिकाऱ्याकडे केलेल्या तक्रारीवर आहे. तीच माहिती वृत्तपत्रात किंवा समाजमाध्यमावर देणाऱ्यास त्याचा उपयोग होण्यासारखा नाही.