स्टॅम्पीड ट्रेल, बस क्रमांक १४२ आणि टेक्लानिका नदी : पार्श्वभूमी

१८ जून २०२० रोजी अलास्का आर्मी नॅशनल गार्डच्या चिनूक हेलिकॉप्टरने रानातून एक गंजकी बस उचलली. तिच्या छताला आणि तळाला भोकं पाडून साखळ्या ओवल्या होत्या. चाकं बसलेली, काचा फुटलेल्या, पत्र्यावर बंदुकीच्या छर्ऱ्यांची भोकं. भंगारात काढायच्या लायकीच्या या गाडीसाठी सैन्याला बोलवावं लागलं, याचं कारण १९९२ साली तिच्यात मरण पावलेला अमेरिकन तरुण क्रिस्तोफर मॅककँडलेस, असं सहसा सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. त्याच्याआधी तिथे एक फसलेला रस्ता होता आणि त्या रस्त्याला आडवी येणारी एक नदी होती. मॅककँडलेस वेडा की साधू, या वादात तीस वर्षं गेली आणि नदीकडे मात्र फारसं कुणी बघितलं नाही.

स्टॅम्पीड ही अँटिमनी या धातूची खाण. १९३०च्या दशकात अर्ल पिलग्रिम नावाच्या खाणवाल्याने ती चालवली आणि तिथवर जायला रानातून एक कच्ची वाट पाडली. १९५९ मध्ये अलास्का राज्य झालं आणि दोनच वर्षांनी, १९६१ साली, खनिजाचे ट्रक बारमाही जावेत म्हणून ही वाट सुधारण्याचं काम फेअरबँक्सच्या युटान कन्स्ट्रक्शन कंपनीला मिळालं. मजुरांच्या निवाऱ्यासाठी कंपनीने तीन जुन्या बस घेतल्या, आत झोपायचे बाक आणि पिंपाची शेगडी बसवली आणि कॅटरपिलर बुलडोझरला जोडून त्या रानात ओढत नेल्या. त्यांतली एक, १९४६ची इंटरनॅशनल हार्वेस्टर के-५, पूर्वी फेअरबँक्सच्या शहर बससेवेत होती. १४२ हा तिचा तिथलाच क्रमांक.

सुमारे ८० किलोमीटर रस्ता झाला, पण वाटेतल्या एकाही नदीवर पूल बांधला गेला नाही. शिवाय इथली जमीन खाली बारमाही गोठलेली असते. वरचं शेवाळ आणि झाडोरा खरवडला की ऊन आतपर्यंत पोचतं, बर्फ वितळतं आणि रस्त्याचा चिखल होतो. १९६३ मध्ये काम थांबलं. कंपनीने दोन बस परत नेल्या. तिसरीचा आस मोडला होता, म्हणून सुशाना नदीजवळ शिकाऱ्यांना निवारा म्हणून ती सोडून दिली. डेनाली राष्ट्रीय उद्यानाची हद्द १९८० साली वाढली तरी बसची जागा उद्यानाबाहेर, राज्याच्या जमिनीवरच राहिली. त्यामुळे इथे जायला नोंद लागत नाही, परवाना लागत नाही, आणि कोण आत गेला याची कुणाकडे वहीही नसते.

हीली गावाच्या थोडं उत्तरेला पार्क्स हायवेवरून स्टॅम्पीड रस्ता पश्चिमेला फुटतो. पहिले बारा-तेरा किलोमीटर गाडी जाते. पुढे दलदल, बीव्हरने बांध घालून तुंबवलेली डबकी आणि दोन नद्या. आधी सॅव्हेज, मग टेक्लानिका. हायवेपासून बस साधारण ४० किलोमीटरवर. २८ एप्रिल १९९२ रोजी एका इलेक्ट्रिशियनने चोवीस वर्षांच्या मॅककँडलेसला या वाटेच्या तोंडाशी सोडलं. त्याच्याजवळ साडेचार किलो तांदूळ, पॉइंट २२ची रायफल, काडतुसं, खाण्याजोग्या वनस्पतींवरचं एक पुस्तक आणि इतर काही पुस्तकं होती. कंपास नव्हता, प्रदेशाचा तपशीलवार नकाशा नव्हता. पायात घालायला रबरी बूटही त्या इलेक्ट्रिशियननेच दिले.

एप्रिलअखेर टेक्लानिकाला उतार असतो. वरच्या डोंगरांत सगळं गोठलेलं, पात्रात पाणी कमी, काठाला बर्फ. तो सहज पलीकडे गेला. ३ जुलैला सामान बांधून परत निघाला आणि ५ जुलैला त्याच ठिकाणी पोचला, तेव्हा समोर दुसरीच नदी होती.

सह्याद्रीत फिरणाऱ्याला पुराचं जे गणित ठाऊक असतं ते इथे उलटं चालतं. आपल्याकडे ओढा पावसाने चढतो आणि पाऊस थांबला की काही तासांत ओसरतो. उघडीप झाली की वाट मोकळी. टेक्लानिका अलास्का रेंजमधल्या हिमनदीतून निघते, आणि तिला पाणी ऊन पुरवतं. जितका दिवस स्वच्छ आणि उबदार, तितकं पाणी जास्त. जुलैत तिथे रात्र अशी जवळजवळ नसतेच, त्यामुळे वितळणं पुरतं थांबत नाही. त्यावर पाऊस झाला की दुहेरी भर. दिवसभराचाही एक फेरा असतो. पाणी पहाटे सर्वांत कमी, दुपारनंतर आणि संध्याकाळी सर्वांत जास्त. हिमनदीपासून जितकं खाली जाल तितकी ही भरती उशिरा पोचते, म्हणून घड्याळावर विसंबून चालत नाही. काठाला दगड लावून पाण्याची रेघ बघत बसावं लागतं.

दुसरी अडचण पाण्याच्या रंगाची. हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठाने ते राखाडी होतं, घोट्याएवढ्या पाण्यातही तळ दिसत नाही. खोली डोळ्यांनी कळत नाही, काठीने चाचपावी लागते. पाणी गोठणबिंदूच्या जरासंच वर असतं. काही मिनिटांत पाय बधिर होतात आणि पाऊल कुठे टेकलं हे समजत नाही. शिवाय प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा जोर चौपट होतो. गुडघ्याएवढं संथ पाणी आणि गुडघ्याएवढं धावतं पाणी यांची बरोबरीच नाही. तळाशी दगड गडगडल्याचा आवाज येत असेल तर उतरायचंच नाही, हा तिकडचा साधा नियम आहे.

मॅककँडलेस माघारी फिरला आणि ८ जुलैला बसमध्ये परतला. ऐन पुरात पाण्यात उडी न घेणं हा त्याच्या त्या उन्हाळ्यातल्या बऱ्या निर्णयांपैकी एक म्हणायला हवा. चूक त्याच्या पुढची. तो काठाने वर किंवा खाली गेला नाही. नदी ओलांडायची तर अरुंद जागा नव्हे, रुंद जागा शोधायची असते, जिथे पात्र पाच-सहा फाट्यांत विभागलं जातं आणि प्रत्येक फाटा उथळ होतो. अरुंद जागी तेच सगळं पाणी एका धारेत घुसतं. आणि खालच्या अंगाला, अर्ध्या किलोमीटरच्या आत, प्रवाह मोजण्याचं केंद्र होतं. तिथे नदीवर पोलादी केबल ताणलेली होती आणि तिच्यावर हाताने ओढत न्यायचा पाळणा होता. तपशीलवार नकाशावर हे केंद्र दाखवलेलं असतं.

अन्नाचा हिशेब तर सुरुवातीपासूनच चुकलेला होता. साडेचार किलो तांदूळ म्हणजे जेमतेम १६ हजार कॅलरी, चालत्या-फिरत्या माणसाची आठवडाभराची शिदोरी. बाकी सगळी भिस्त शिकारीवर. खारी, साळिंदर, रानकोंबडीच्या जातीचे पक्षी त्याने बरेच मारले, पण या मांसात चरबी नगण्य. नुसत्या चरबीविरहित मांसावर माणूस पोट भरूनही खंगत जातो, कारण यकृत ठरावीक मर्यादेपलीकडे प्रथिनांपासून ऊर्जा काढू शकत नाही.

९ जूनला त्याने मूस मारला. हे हरणाच्या कुळातलं, घोड्यापेक्षा मोठं जनावर. त्याचं मांस टिकलं असतं तर पुढचं सगळं बदललं असतं. दक्षिण डकोटातल्या शिकाऱ्यांकडून त्याने मांस धुरावर धरण्याची रीत ऐकली होती, तीच त्याने वापरली. मोठे तुकडे धुरावर धरले की बाहेरून पापुद्रा सुकतो आणि आत मांस ओलंच राहतं. जूनमध्ये तिथे माश्यांचं राज्य असतं. काही दिवसांत अळ्या पडल्या आणि जवळजवळ सगळा मूस लांडग्यांना गेला. अलास्कातले शिकारी अशा वेळी मांसाच्या पातळ पट्ट्या कापून वाऱ्यावर मांडवीला टांगतात. काम कष्टाचं, पण पट्टी एका दिवसात कोरडी व्हायला लागते आणि माशीला अंडी घालायला ओल उरत नाही.

मग कंद आणि बिया. हेडिसारम अल्पिनम या वनस्पतीचे कंद तिकडचे मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत, मात्र भर उन्हाळ्यात ते राठ होतात. म्हणून तो तिच्या बिया खाऊ लागला. ३० जुलैच्या नोंदीत त्याने आपल्या अशक्तपणाचा दोष या बियांवरच ठेवला, आणि तिथून एक लांबलेला वैज्ञानिक वाद सुरू झाला. आधी म्हटलं गेलं की तिच्यासारखीच दिसणारी विषारी रानमटार त्याने चुकून खाल्ली. मग बियांतच अल्कलॉइड जातीचं विषारी द्रव्य असावं असा तर्क आला, पण अलास्का विद्यापीठाच्या तपासणीत ते सापडलं नाही. पुढे ओल्या पिशवीत बियांवर धरलेल्या बुरशीचा, आणि २०१३ मध्ये ओडॅप या विषाचा तर्क आला.

ओडॅपचं नाव विदर्भात परकं नाही. लाखोळीच्या डाळीतलं विष तेच. दुष्काळात महिनोन्‌महिने लाखोळीवर निभावणाऱ्यांचे पाय लुळे पडत, आणि त्यामुळेच १९६१ पासून देशात तिच्या विक्रीवर बंदी आली. मॅककँडलेसला उभं राहणंही जड जात होतं, तेव्हा हा तर्क चपखल वाटला. पण अधिक काटेकोर चाचणीत ते ओडॅप नसल्याचं निघालं. त्याऐवजी एल-कॅनाव्हनिन हे द्रव्य आढळलं, बियांच्या वजनाच्या सुमारे १.२ टक्के. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. शरीर त्याला आर्जिनिन हे अमिनो आम्ल समजून प्रथिनांत गुंफतं आणि ती प्रथिनं निकामी होतात. सगळ्यांना हे पटलेलं नाही. मृतदेहाचं वजन जेमतेम ३० किलो होतं. इतका उपास घडलेल्या शरीराला मरायला विषाची गरज नसते. विषाने फार तर पायांतलं बळ आधी गेलं असेल.

मृत्यू १८ ऑगस्टच्या सुमारास झाला, आणि ६ सप्टेंबरला, मूसच्या शिकारीचा हंगाम सुरू झाल्यावर, लोक बसपाशी पोचले. मधल्या काळात कुणी शोधत नव्हतं. तो हरवलाय हेच अलास्कात कुणाला ठाऊक नव्हतं. जुलै १९९० मध्ये ॲरिझोनात लेक मीडजवळच्या कोरड्या नाल्यात अचानक लोंढा येऊन त्याच्या डॅटसन मोटारीच्या इंजिनात पाणी गेलं होतं, तेव्हा ती त्याने तिथेच टाकली आणि टोपणनावाने फिरू लागला. आई-वडिलांनी खासगी गुप्तहेर नेमला, पण त्यालाही माग लागला नाही. बसच्या दारावर मदतीची चिठ्ठी होती. ती वाचणारं कुणी आलं तेव्हा एकोणीस-वीस दिवसांचा उशीर झालेला होता.

१९९६ साली त्याच्यावर पुस्तक आलं, २००७ मध्ये त्यावरून चित्रपट निघाला आणि बसला यात्रेकरू लाभले. अलास्कात एकट्याने फिरणं ज्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं असे तरुण जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे नदी सर्वांत भरलेली असताना, यायला लागले. जाताना पहाटे पार केलेली नदी परतीच्या दुपारी अडवायची. २००९ ते २०१७ या काळात बसच्या वाटेवर पंधरा शोध-बचाव मोहिमा निघाल्या. २०१० मध्ये स्वित्झर्लंडची आणि २०१९ मध्ये बेलारूसची तरुणी टेक्लानिकात बुडाली.

दोन्ही वेळा नदीवर आडवा दोर होता. तोच आधार वाटतो आणि घात तिथेच होतो. दोराला अंग बांधलेला माणूस घसरला की प्रवाह त्याला दोराच्या मध्यावर नेऊन अडकवतो आणि पाण्याचा सगळा भार त्याला खाली दाबतो. गाठ ताणाखाली सुटत नाही. नुसता हाताने धरलेला दोरही पाण्याच्या जोराने वाकतो आणि तोल घालवतो. म्हणून तिकडचे जाणते अंगाला दोर बांधतच नाहीत. सॅकचा कंबरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडायचा, म्हणजे पडल्यास सॅक टाकता येते. तोंड वरच्या अंगाला, प्रवाहाकडे. हातात मजबूत काठी, दोन पाय आणि काठी अशा तीन आधारांपैकी एका वेळी एकच हलवायचा. बूट काढायचे नाहीत. पाणी मांडीला लागलं की परत फिरायचं.

पूल बांधावा अशी मागणी अधूनमधून होत राहिली. तिच्याविरुद्धचा मुद्दा बिनतोड होता. पूल झाला की आणखी नवखे लोक पलीकडे जातील, आणि पलीकडे रस्ता नाही, फोन नाही, काहीच नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये बस बघून परतणाऱ्या पाच इटालियनांना सोडवावं लागलं, एकाच्या पायाला हिमदंश झाला होता, आणि काही महिन्यांत राज्याने बसच हलवली. मोहिमेला नाव दिलं ऑपरेशन युटान, जुन्या ठेकेदाराचं. बस आता फेअरबँक्सच्या म्युझियम ऑफ द नॉर्थकडे आहे. नुसता फोटोच हवा असेल तर चित्रपटासाठी केलेली हुबेहूब बस हीलीच्या एका ब्रुअरीबाहेर, हायवेला लागूनच, उभी असते.

वाट आजही खुली आहे, नोंद आजही लागत नाही. राज्याच्या जमिनीवर शोध घेणं अलास्का स्टेट ट्रूपर्सचं, म्हणजे राज्य पोलिसांचं काम, पण कुणी कळवल्याशिवाय ते सुरू होत नाही. म्हणून मागे ठेवायच्या कागदावर ठिकाणाच्या नावाखेरीज चार गोष्टी लागतात : गाडी कुठे लावली, कोणत्या नदीला कोणत्या दिवशी उतरणार, तंबूचा आणि कपड्यांचा रंग, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर ट्रूपर्सना फोन करायचा ती नेमकी वेळ. ही वेळ ठरलेली नसेल तर घरचे ‘उद्या बघू’ म्हणत दोन दिवस घालवतात.

अमेरिकेत ४०६ मेगाहर्ट्‌झवर उपग्रहाला संकेत देणारे खासगी बीकन २००३ पासून सर्रास मिळतात. इनरीचसारख्या यंत्रावरून संदेशही पाठवता येतो. तिथे राहणाऱ्या मराठी ट्रेकर मंडळींनी ते घ्यावंच, पण सुट्टीत घरी येताना सामानात टाकू नये. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय उपग्रहावर चालणारे फोन आणि संदेशयंत्रं बाळगता येत नाहीत, आणि गोव्याच्या विमानतळावर इनरीच सापडल्यावरून परदेशी पर्यटकांवर गुन्हा दाखल झालेला आहे.