केईसी इंटरनॅशनल : वार्षिक कामगिरी आणि पुढील वाटचाल

विद्युत पारेषण वाहिन्या, उपकेंद्रे आणि त्यांना जोडून येणारी बांधकामे उभारणारी भारतीय कंपनी. १९४५ साली ‘कमानी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन’ या नावाने मुंबईत स्थापना. १९८० च्या दशकात ती गोएंका यांच्या आरपीजी समूहाकडे आली. मुख्यालय वरळीत आहे. मनोरे बनवणारे कारखाने बुटीबोरी (नागपूर), जयपूर, जबलपूर आणि दुबई येथे असून, २०१० मध्ये घेतलेल्या एसएई टॉवर्स या मनोरे बनवणाऱ्या कंपनीमुळे मेक्सिको आणि ब्राझीलमधील कारखान्यांची त्यांत भर पडली.

२०२४-२५ या आर्थिक वर्षात कंपनीचा एकत्रित महसूल सुमारे २१,८४७ कोटी रुपये आणि निव्वळ नफा सुमारे ५७१ कोटी रुपये होता. आदल्या वर्षी हेच आकडे १९,९१४ आणि ३४७ कोटी होते. एवढ्यावरून भरभराट दिसते खरी, पण २०२०-२१ चा ताळेबंद शेजारी ठेवला की चित्र बदलते. त्या वर्षी जेमतेम १३,११४ कोटींच्या महसुलावर ५५३ कोटींचा नफा झाला होता. म्हणजे चार वर्षांत काम दोन-तृतीयांशाने वाढले, हाती मात्र जवळपास तेवढेच उरले.

याचे कारण या धंद्याच्या रचनेत आहे. निविदा भरताना ठरलेला दर आणि प्रत्यक्ष मनोरे उभे राहण्याचा काळ यांत दीड-दोन वर्षांचे अंतर पडते. मधल्या काळात पोलाद, जस्त, ॲल्युमिनियम किंवा जहाजभाडे महागले आणि करारात दरवाढीचे कलम नसले, तर तो बोजा ठेकेदारावरच पडतो. २०२१ नंतर नेमके हेच झाले. ब्राझीलमधील तोट्याची त्यात भर पडली आणि २०२२-२३ मध्ये नफा १७६ कोटींवर घसरला. शिवाय ग्राहक बिलातील काही रक्कम काम पुरे होईपर्यंत अडवून ठेवतो, त्यामुळे खेळते भांडवल कर्जाने उभे करावे लागते. २०२४-२५ मध्येही व्याजाचा खर्च निव्वळ नफ्याहून अधिक होता. डिसेंबर २०२४ मध्ये संस्थात्मक गुंतवणूकदारांना समभाग विकून ८७० कोटी उभारले, ते याच पार्श्वभूमीवर.

मागणीची चिंता तूर्त नाही. मार्च २०२५ अखेर हातातील कामे सुमारे ३३,४०० कोटींची, म्हणजे दीड वर्षाच्या महसुलाएवढी होती. राजस्थान-गुजरातमधील सौर आणि पवन वीज देशभर नेण्यासाठी ७६५ केव्ही (किलोव्होल्ट) क्षमतेच्या उच्चदाब वाहिन्या लागणार आहेत. राष्ट्रीय विद्युत आराखड्यात २०३२ पर्यंत पारेषणावर ९ लाख कोटींहून अधिक खर्च धरला आहे. कंपनीचा रेल्वेची कामे करणारा विभाग मात्र आकसतो आहे, कारण ब्रॉडगेजचे विद्युतीकरण संपत आले आहे. कंपनी करत असलेल्या पाणीपुरवठा योजनांची देयके रखडतात, कुशल मजूर मिळत नाहीत, आणि शेतातून वाहिनी नेण्याचा मोबदला हा तर जुनाच वाद आहे. त्यामुळे कंपनीची वाढ जोखताना नव्या कामांच्या घोषणांपेक्षा व्याज, कर आणि घसारा (यंत्रे-इमारतींच्या झिजेचा खर्च) वजा करण्यापूर्वीच्या नफ्याचे महसुलाशी प्रमाण पाहणे अधिक उपयोगी ठरते : २०२०-२१ मध्ये ते ८.७ टक्के होते, २०२२-२३ मध्ये ४.८ आणि २०२४-२५ मध्ये ६.९.