खंड्या आणि राजघराण्यांतील कुत्र्यांचे कलाचित्रण

खंड्या : सातारचे छत्रपती थोरले शाहू महाराज (१६८२–१७४९) यांचा शिकारी कुत्रा. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला, त्याबद्दल त्याला जहागिरीची सनद आणि पालखीचा मान मिळाला, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. साताऱ्याच्या पूर्वेला संगम माहुली येथे त्याची समाधी असून दगडी चौथरा व त्यावर कुत्र्याची दगडी मूर्ती असे तिचे रूप आहे. आपल्या आवडत्या कुत्र्यांची चित्रे काढून घेणारे, पुतळे घडवणारे, थडगी बांधणारे राजे सगळ्या जगात झाले. खंड्याची गोष्ट त्या परंपरेतलीच, पण तिचा बाज अस्सल मराठी दरबारी आहे, म्हणून ती स्वतंत्रपणे सांगायला हवी.

शाहू म्हणजे छत्रपती संभाजी महाराज व येसूबाई यांचे पुत्र. कोल्हापूरचे राजर्षी शाहू ते वेगळे. वयाच्या सातव्या वर्षापासून, १६८९ ते १७०७ अशी अठरा वर्षे ते मोगलांच्या छावणीत कैदेत होते. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर सुटका झाली आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात त्यांना राज्याभिषेक झाला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी त्यांनी शाहूनगर वसवले. आजचे सातारा शहर ते हेच. शिकार, घोडे, कुत्री, पक्षी आणि बागा यांचा त्यांना भारी नाद. मोगलांच्या छावणीतला शिकारखाना त्यांनी लहानपणापासून जवळून पाहिला असणार, आणि हा छंद त्यांना तिथेच जडला असावा असे मला वाटते.

खंड्याची हकीकत दोन प्रसंगांत सांगितली जाते. पहिला प्रसंग शिकारीचा. वाघ अंगावर येण्याच्या बेतात असताना कुत्र्याने चाहूल दिली आणि महाराज बचावले. दुसरा प्रसंग दरबारचा. मानकरी भेटीला यायचे होते. भर दरबारात शाहूंनी खंड्याला जरीचे वस्त्र चढवले, अंगावर जडजवाहीर घातले आणि स्वतःचे पागोटे उतरवून त्याच्या डोक्यावर ठेवले. त्या दिवसानंतर महाराजांनी डोईला पुन्हा काही घातले नाही. साताऱ्यात १८१८ पासून काही वर्षे कंपनी सरकारचा अधिकारी असलेल्या जेम्स ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात हे नोंदवले आहे. महाराजांची मर्जी राखण्यासाठी कुत्र्याच्या पालखीचा सगळा सरंजाम चालू ठेवला होता, असेही तो लिहितो.

डफने ही हकीकत महाराजांच्या उतारवयातील चित्तभ्रमाचे लक्षण म्हणून दिली आहे. प्रस्तुत नोंदकाराला ते पटत नाही. डोक्यावरचे पागोटे म्हणजे मराठ्यांची अब्रू. ते पायावर ठेवले तर शरणागती, दुसऱ्याच्या पागोट्याशी बदलले तर भाऊपण. आणि ‘कुत्रा’ ही तर आपल्याकडची नेहमीची शिवी. दागिन्यांनी मढलेले मानकरी समोर बसलेले असताना त्यांच्याहून जास्त दागिने कुत्र्याच्या अंगावर, छत्रपतींचे पागोटे त्याच्या डोक्यावर आणि खुद्द छत्रपती बोडक्या डोक्याने बसलेले, हे दृश्य डोळ्यांपुढे आणले की त्यातला रोख कळतो. मान दागिन्यांनी येत नाही, तो धन्याच्या हातून येतो आणि ज्याने जीव राखला त्याला तो आधी मिळतो, हे शब्दाविना सांगण्याची ही रीत होती. वेड्याला इतका नेमका प्रसंग साधत नाही.

पालखीचेही तसेच. पालखी ही हौसेने घेऊन बसायची वस्तू नव्हती. तो छत्रपतींनी द्यायचा बहुमान होता आणि त्याच्याबरोबर भोयांच्या व सामानाच्या खर्चाची नेमणूक येई. मोहिमा मारलेल्या सरदाराला मिळावा असा हा मान. खंड्याला तो मिळाला म्हणजे त्याची गणना दरबारच्या चाकरांत झाली, आणि त्याने चाकरी केलीही होती.

समाधीची जागाही याच हिशेबाने पाहावी. माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते. अलीकडे संगम माहुली, नदीपलीकडे क्षेत्र माहुली. अलीकडच्या काठावर श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी शाहूंच्या कारकिर्दीत बांधलेले विश्वेश्वराचे देऊळ आहे. सातारच्या राजघराण्यातील माणसांना याच संगमावर अग्नी दिला जाई आणि त्यांच्या समाध्याही याच परिसरात आहेत. पावसाळ्यात कृष्णा फुगली की घाटाच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जातात. ज्या मातीत छत्रपतींच्या घराण्याची माणसे विसावली, त्याच मातीत कुत्र्यालाही चौथरा मिळाला. वाड्याच्या परसात किंवा शिकारीच्या रानात त्याला पुरून मोकळे होता आले असते.

कुत्र्याला दगडात अमर करण्याची रीत दख्खनेत शाहूंच्याही आधी आठशे वर्षांची आहे. कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यात आतकूर गावी मिळालेला इ. स. ९४९–५० चा कन्नड शिलालेख या बाबतीत फार मोलाचा आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या बाजूने गंग राजा बूतुग लढला. त्याच्या मणलेर नावाच्या वीराने पराक्रमाचे बक्षीस म्हणून मागितला तो राजाचा ‘काळी’ नावाचा कुत्रा. पुढे रानडुकराशी झुंजताना काळी आणि डुक्कर दोघेही मेले. मणलेराने देवळासमोर शिळा उभी केली, काळीच्या नावाने जमीन लावून दिली आणि शिळेवर कुत्रा व डुक्कर यांची झुंज कोरवली. ही शिळा आता बंगळूरच्या संग्रहालयात आहे. ज्या तिसऱ्या कृष्णाच्या काळातली ही गोष्ट, त्याचाच इ. स. ९५९ चा ताम्रपट आपल्या कराडला सापडला आहे. वीरगळावर, म्हणजे वीराच्या स्मारकशिळेवर, एरवी माणूस असतो, इथे कुत्रा आहे आणि त्यामागे जमिनीचे दानही आहे. खंड्याच्या सनदेचा हा थोरला भाऊच म्हणायचा.

याहून जुनी उदाहरणे इजिप्त आणि इराकमधली. इजिप्तचा राजा दुसरा इंतेफ (इ. स. पू. एकविसावे शतक) याने थडग्यातल्या शिळेवर स्वतःबरोबर आपली पाच कुत्री कोरून घेतली आणि त्यांची नावे दिली. काही नावे परभाषेतली, म्हणून शेजारी इजिप्शियन अर्थही कोरला आहे. बेहकाई म्हणजे हरिण. जवळजवळ हजार वर्षांनी थडगी फोडणाऱ्या चोरांचा तपास झाला, तेव्हा पाहणी करणाऱ्यांनी पपायरसावर या शिळेची नोंद केली. त्यांनी आवर्जून काय लिहिले, तर राजाच्या दोन पायांमध्ये त्याचा कुत्रा उभा आहे, आणि पुढे कुत्र्याचे नाव. एकोणिसाव्या शतकात ही शिळा तुटक्या स्थितीत पुन्हा हाती आली. इराकमधल्या निनेव्हेच्या राजवाड्यात असिरियाचा राजा असुरबनिपाल याच्या काळातील मातीची पाच कुत्री मिळाली. बोटभर लांबीची, अंगावर रंगांचे अवशेष असलेली ही कुत्री दाराजवळच्या खड्ड्यात पुरून ठेवली होती. प्रत्येकाच्या अंगावर नाव. एकाचा अर्थ ‘विचार करू नको, चाव’ असा, दुसऱ्याचा ‘त्याचे भुंकणे मोठे’ असा. घराची राखण मातीच्या कुत्र्यावर सोपवतानाही त्याला नाव देऊन कामाला लावावे, यात कुत्र्याशी असलेली माणसाची ओळख दिसते.

युरोपात हे चित्रण मुख्यतः तैलचित्रांत झाले. सम्राट पाचवा चार्ल्स याचे टिशियनने १५३३ मध्ये काढलेले चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. सम्राटाचा डावा हात कुत्र्याच्या गळपट्ट्यावर आणि कुत्र्याचे तोंड वर, धन्याकडे. एवढा दांडगा प्राणी दोन बोटांच्या धाकात राहतो, तशी प्रजाही राहील, असा या मांडणीचा सूर आहे. राजचित्रांतला कुत्रा बहुतेक वेळा हेच काम करतो. त्याच संग्रहालयातल्या वेलाझकेझच्या ‘लास मेनिनास’ (१६५६) या चित्राने मात्र ही घडी मोडली. राजकन्या, तिच्या दासी, स्वतः चित्रकार असे सगळे उभे आहेत. राजा-राणी मागच्या भिंतीवरच्या आरशात, तळहाताएवढी. सगळ्यांच्या पुढे उजव्या कोपऱ्यात एक मोठा कुत्रा पेंगत पडला आहे आणि दरबारातल्या एका खुज्या माणसाने त्याच्या पाठीवर पाय ठेवला आहे. कुत्रा डोळे उघडायलाही तयार नाही. दरबार कितीही मोठा असो, कुत्र्याला त्याची पत्रास नसते, हे इतक्या प्रेमाने दुसऱ्या कोणी रंगवलेले मी पाहिलेले नाही.

खंड्याच्या पागोट्याची आठवण करून देणारे चित्र इंग्लंडमध्ये आहे. राणी व्हिक्टोरियाचा पती अल्बर्ट याची ईओस नावाची काळी ग्रेहाउंड कुत्री एडविन लँडसियरने १८४१ मध्ये रंगवली. चित्रात अल्बर्ट नाही. आहे त्याची उंच हॅट, हातमोजे आणि छडी. ईओस या वस्तूंपाशी ताठ उभी आहे. धनी येणार आहे किंवा नुकताच गेला आहे, आणि त्याच्या वस्तूंवर आता तिची नजर आहे. धन्याच्या डोक्यावरची वस्तू कुत्र्याच्या हवाली करावी, हे सातारच्या दरबारातही घडले आणि विंडसरच्या दिवाणखान्यातही. लँडसियरने ते रंगात धरून ठेवले. साताऱ्यात ते प्रत्यक्ष घडून तोंडातोंडी आणि बखरींतून उरले. पुढे सातवा एडवर्ड वारला तेव्हा (१९१०) त्याचा सीझर नावाचा टेरियर अंत्ययात्रेत शवपेटीच्या मागे चालला, आणि विंडसरच्या चर्चमध्ये राजाच्या संगमरवरी थडग्यावर तो धन्याच्या पायाशी कोरलेला आहे. प्रशियाचा राजा थोरला फ्रेडरिक याने आपल्याला आपल्या कुत्र्यांशेजारी पुरावे असे सांगून ठेवले होते. ती इच्छा त्याच्या मृत्यूनंतर दोनशे पाच वर्षांनी, १९९१ मध्ये पुरी झाली.

हिंदुस्थानात मोगल लघुचित्रांत शिकारी कुत्री दिसतात: लांब तोंडाची, आत ओढलेल्या पोटाची, गळ्यात पट्टा आणि कधी अंगावर झूल घातलेली. जहांगीराला इंग्रजी मॅस्टिफ कुत्र्यांची हौस होती आणि इंग्रज वकील थॉमस रो याच्या काळात ती त्याच्या दरबारी आली.

मराठी मुलखात मात्र कुत्र्याचे रूप सगळ्यात जास्त घडले ते देवाच्या पायाशी. साताऱ्याकडच्या कितीतरी घरांच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक असतो. घोड्यावर देव, मागे म्हाळसा आणि घोड्याच्या पायाशी नखाएवढा कुत्रा. टाक चिंचेने घासताना बोटाला आधी तोच लागतो. कराड तालुक्यात तारळी नदीकाठी पालच्या खंडोबाचे देऊळ आहे आणि पौषात तिथे देवाचे लग्न लागते. खाली सांगली जिल्ह्यात, माहुलीवरून आलेल्या त्याच कृष्णेच्या काठी औदुंबर हे दत्तस्थान आहे. दत्ताच्या तसबिरीतील चार कुत्री म्हणजे चार वेद, असे लहानपणी प्रत्येकाला सांगितले जाते. ज्या समाजात कुत्रा शिवी म्हणून तोंडात येतो, त्याच समाजात तो दोन लाडक्या दैवतांच्या सोबत पूजला जातो. खंड्याच्या पालखीकडे पाहणाऱ्या सातारकरांच्या मनात या दोन्ही गोष्टी असणार.

शिकारी कुत्र्यांची देशी जात या भागात आजही आहे. सांगली जिल्ह्यात जतच्या बाजूला व सोलापूरकडे ‘कारवानी’ कुत्री पाळतात. आखूड केसांचे ते कारवानी, लांब मऊ केसांचे ते पश्मी. पलीकडे मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी हीच जात जोपासली. मालोजीराव घोरपड्यांनी तिची जोडी इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याला नजर केली आणि ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांवर काढलेल्या तिकिटांत मुधोळ आहे. राजकुत्र्याचे हे सर्वांत अलीकडचे आणि घरोघरी पोचलेले चित्र.

खंड्याची नेहमी गल्लत होते ती रायगडावरच्या वाघ्याशी. वाघ्याचे स्मारक १९३६ सालचे. त्याची कथा शिवछत्रपतींशी जोडलेली असली तरी समकालीन साधनांत तिला आधार मिळत नाही, म्हणून त्यावर वाद होत आले. मध्यंतरी तो पुतळा हलवला गेला आणि पुन्हा बसवला गेला. खंड्याचे तसे नाही. शाहूंच्या मृत्यूनंतर शंभर वर्षे व्हायच्या आतच त्याची हकीकत छापली गेली होती, आणि समाधी जिथे सांगितली जाते तिथेच आहे. तरीही वाघ्याचे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असते आणि खंड्याचे नाव साताऱ्यातच सांगावे लागते, याचे वाईट वाटते. माहुली शहरापासून जेमतेम पाच किलोमीटर. विश्वेश्वराला आलेली माणसे घाटावर उतरतात, पाण्यात पाय बुडवतात आणि परत फिरतात. सोबत पोरे असली तर त्यांना त्या चौथऱ्यापाशी थांबवून पागोट्याची गोष्ट सांगावी.