शासकीय विमान-हेलिकॉप्टरच्या देखभालीची निविदा : पात्र कोण, कागद कोणते

राज्य शासनाचं हेलिकॉप्टर मुख्यमंत्र्यांना घेऊन उडत असलं, तरी कायद्याच्या लेखी ते नागरीच. त्याचा नोंदणी क्रमांक 'व्हीटी'ने सुरू होतो आणि देखभालीला डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, नियम लागतात. २०१७ साली निलंग्यात मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर कोसळल्यापासून या विषयाकडे लोकांचं लक्ष गेलं. नियम मात्र त्याआधीपासूनच आहेत.

निविदा भरायची तर पहिली अट म्हणजे डीजीसीएची सीएआर-१४५, म्हणजे देखभाल संस्थेची, मान्यता. प्रमाणपत्राचं पहिलं पान सगळेच जोडतात. खरी छाननी होते ती त्यासोबतच्या शेड्यूलची, म्हणजे कोणत्या मॉडेलवर काम करता येईल त्या यादीची. सिकोर्स्की एस-७६ सी++ ला आरिएल इंजिन असतं, एस-७६ डी ला प्रॅट अँड व्हिटनीचं. त्यामुळे शेड्यूलमध्ये नुसतं 'एस-७६' दिसलं म्हणून खूश होऊ नका. मॉडेल आणि इंजिन निविदेशी अक्षरशः जुळवून पाहा. जागेचंही तसंच. मान्यता बेंगळुरूच्या हँगरची आणि काम जुहूला, असं असेल तर जुहू तुमच्या मान्यतेत यावं लागेल.

मग माणसं. टर्बाइन हेलिकॉप्टरसाठी बी१.३ परवान्याचा एएमई (विमान देखभाल अभियंता) लागतो, एव्हिऑनिक्ससाठी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक यंत्रणेसाठी, बी२. परवान्यावर त्या प्रकारच्या हेलिकॉप्टरचं रेटिंग हवं, शिवाय कंपनीने सही करण्याचं दिलेलं अधिकारपत्रही हवं. ते नसेल तर काम करूनही त्याला हेलिकॉप्टर सेवेत सोडण्याच्या प्रमाणपत्रावर सही करता येत नाही. कॅमोची, म्हणजे हेलिकॉप्टर सतत उड्डाणयोग्य राहील हे सांभाळण्याची, जबाबदारी विभागाकडे राहणार की तुमच्याकडे, हे अटींत नीट वाचा. तुमच्याकडे असेल तर त्याची मान्यता वेगळी लागते.

बाकीचे कागद नेहमीचेच: पॅन, जीएसटी नोंदणी, सीएने प्रमाणित केलेली उलाढाल, आयकर विवरणपत्रं, पूर्वीचे कार्यादेश आणि काम पूर्ण केल्याचे दाखले, काळ्या यादीत नसल्याचं प्रतिज्ञापत्र. उपकरणांच्या कॅलिब्रेशनचे दाखले मागितले असतील तर त्यांची मुदत तपासा.

महाराष्ट्रातल्या निविदा महाटेंडर्स पोर्टलवर भरतात. त्यासाठी क्लास ३ डिजिटल स्वाक्षरी लागते. तिची मुदत शेवटच्या दिवशी संपलेली निघाली तर कोणी ऐकून घेत नाही. बयाणा रक्कम ऑनलाइन भरायची. सूक्ष्म-लघु उद्योगांना सूट असेल तर उद्यम प्रमाणपत्र जोडायचं. तांत्रिक लिफाफ्यात चुकूनही दर लिहू नका, निविदा बाद होते.

निविदापूर्व बैठकीला जाच, असं माझं स्पष्ट मत आहे. सुट्या भागांचा खर्च कोणाचा, अचानक बिघाड झाला तर किती तासांत पोचायचं, हेलिकॉप्टर जमिनीवर उभं राहिलेल्या दिवसांचा दंड कसा मोजणार, हे तिथे लेखी विचारा. उत्तरं शुद्धिपत्रकात येतात आणि तीच पुढे करारात बांधली जातात. दर त्यानंतरच ठरवा.

कार्यादेश मिळाला की ठरलेल्या मुदतीत सुरक्षा ठेव भरून करार करायचा. हेलिकॉप्टर ताब्यात घेताना लॉगबुकं, लागू असलेले एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (उड्डाणयोग्यतेसाठीचे बंधनकारक आदेश) आणि दुरुस्ती पुढे ढकललेले बिघाड यांची यादी दोन्ही बाजूंच्या सहीने करून घ्या.