कागदावर 5/5, मग जिना जड का जातो?

गुडघ्याच्या ऑपरेशनला काही महिने झालेत. केसपेपरवर लिहिलंय 'क्वाड्रिसेप्स पॉवर 5/5', म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूला पाचपैकी पाच गुण. आणि पेशंट सांगतो, जिना चढताना पाय ओढावा लागतो, अडखळलं की सावरता येत नाही. दोघंही खरं बोलतात. कागदावर जिला पॉवर म्हटलंय ती खरं तर स्ट्रेंथ आहे. दवाखान्यातली ही सवय इतकी जुनी आहे की ती आता मोडणार नाही, पण वाचताना फरक लक्षात ठेवलेला बरा.

स्ट्रेंथ म्हणजे स्नायू जास्तीत जास्त किती जोर लावू शकतो. त्या जोरापर्यंत पोचायला दोन-तीन सेकंद लागले तरी हरकत नसते. पॉवर म्हणजे जोर गुणिले वेग, म्हणजे ठरावीक वेळात झालेलं काम. जोर न्यूटनमध्ये किंवा किलोत मोजतात, पॉवर वॅटमध्ये. भिंतीला सगळा जीव लावून ढकला: जोर भरपूर, भिंत हलली नाही म्हणून पॉवर शून्य.

आता हाताने केलेली स्नायूंची तपासणी, म्हणजे एमएमटी, डोळ्यांसमोर आणा. पेशंट टेबलाच्या कडेला बसलेला, गुडघा जवळजवळ सरळ पण लॉक केलेला नाही. फिजिओथेरपिस्टचा हात घोट्याच्या जरा वर. 'मी खाली दाबते, तुम्ही पाय वाकू देऊ नका.' पाय जागचा हलला नाही तर ग्रेड 5. थोडक्यात, वेग शून्य असतानाच आपण सर्वोच्च गुण देतो. पॉवरबद्दल ही चाचणी काही सांगेल अशी अपेक्षाच चुकीची.

तिचा उगम पाहिला की हे पटतं. 1912च्या सुमारास बॉस्टनमध्ये रॉबर्ट लव्हेट आणि विल्हेल्मिन राइट यांनी पोलिओच्या मुलांसाठी अशी प्रतवारी वापरात आणली. शून्य ते पाचची ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची श्रेणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, नसांच्या दुखापतींसाठी आली. प्रश्न साधा होता: स्नायू आकुंचन पावतो का, आणि गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सांधा पूर्ण हलवतो का? त्यामुळे 0 ते 3 या पायऱ्या आजही चोख आहेत. त्यापुढे मात्र सगळं ढोबळ. ग्रेड 4 मध्ये, म्हणजे हाताच्या दाबाला थोडाफार विरोध करणाऱ्यांत, बरेच कमी-जास्त दुबळे स्नायू एकत्र कोंबलेले असतात, आणि धडधाकट माणसाची मांडी तपासणाऱ्याच्या हाताला सहज भारी पडते. तिथे 5 हा आकडा पेशंटच्या मांडीपेक्षा तपासणाऱ्याच्या दंडाची मर्यादा सांगतो. म्हणून नुसत्या 4+ वर (4 आणि 5 च्या मधला गुण) मी फारसा विश्वास ठेवत नाही. डायनॅमोमीटर, म्हणजे जोर मोजणारं उपकरण, असेल तर तो लावावा, शक्यतो पट्ट्याने बांधून, आणि दोन्ही बाजूंची तुलना करावी.

पॉवरसाठी मुळात हालचाल हवी आणि घड्याळ हवं. शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी 1938 मध्ये मांडलेलं नातं इथे कामाला येतं: स्नायू जितक्या वेगाने आकुंचन पावतो तितका त्याचा जोर कमी पडतो. सर्वाधिक पॉवर मिळते ती कमाल जोराच्या साधारण एक तृतीयांश भाराला. म्हणून जड वजन एकदाच उचलायला लावून पॉवर कळत नाही. उभी उडी, एका पायाची लांब उडी, मेडिसिन बॉल फेकणं, आयसोकायनेटिक यंत्रावर (ते हालचाल ठरावीक वेगानेच होऊ देतं) सेकंदाला 180 अंश किंवा त्याहून जास्त वेग, हे पॉवरचे मार्ग. त्याच यंत्रावर 60 अंशांचा मंद वेग सहसा स्ट्रेंथसाठी ठेवतात.

यंत्र नसेल तर खुर्ची पुरते. हात छातीशी घडी घालून पाच वेळा उठणं-बसणं. गंमत अशी, की 2019च्या युरोपीय सार्कोपेनिया (वयोमानाने स्नायू झिजणं) निकषांत ही चाचणी (15 सेकंदांहून जास्त लागले तर कमी) स्ट्रेंथच्या खात्यात टाकली आहे, पण वेळ मोजली की पॉवर आत शिरतेच. त्याच वेळेतून वॅट काढण्याचं एक सूत्र वापरात आहे. शरीराच्या वजनाचा 90 टक्के भाग वर जातो आणि तो उंचीच्या निम्म्यातून खुर्चीची उंची वजा करून येईल तितका उचलला जातो, असं धरायचं. पाच वेळा उठणं आणि पाच वेळा बसणं, म्हणून एका उठण्याचा वेळ म्हणजे एकूण वेळेचा दहावा भाग. वजन 70 किलो, उंची 160 सेंमी, खुर्ची 43 सेंमी असेल तर 12 सेकंदांना साधारण 190 वॅट येतात, 16 सेकंदांना 143. अशा दोन्ही पेशंटच्या कागदावर 5/5 असू शकतं.

वयस्कर पेशंटमध्ये हा फरक जास्त महत्त्वाचा. वाढत्या वयात वेगवान तंतू आधी बारीक होतात, त्यामुळे पॉवर स्ट्रेंथच्या आधी आणि जास्त झपाट्याने घसरते. स्नायूला पूर्ण जोरापर्यंत पोचायला 300 मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. ठेच लागल्यावर तोल सावरायला इतकी उसंत नसते.

पॉवरच्या चाचण्याही फसवतात. एका पायाच्या लांब उडीत अंतर दोन्ही पायांना सारखं आलं तरी दुखऱ्या गुडघ्याचं काम खुबा आणि घोटा करत असू शकतात. अंतरासोबत पेशंट उतरतो कसा, गुडघा वाकवतो की ताठ ठेवतो, हेही बघावं लागतं. आणि टाचा उचलण्याची 25 वेळांची चाचणी ही तर तिसरीच गोष्ट, ती मुख्यतः दमसास मोजते.

क्रमही पाळावा लागतो. दुखणं, सूज किंवा ताजी शिवण असताना उड्या मारायला लावू नयेत. आधी स्ट्रेंथ, मग वेग. पॉवर कमी आढळली तर व्यायामही बदलतो: भार मध्यम, उचलणं शक्य तितक्या झटक्यात, खाली आणणं सावकाश. आणि नोंद करताना 'पॉवर 5/5' च्या शेजारी पाच उठण्यांचे सेकंद, खुर्चीची उंची आणि हाताचा आधार घेतला का, एवढं लिहिलं तरी पुढच्या भेटीत तुलना करता येते.