आइसलँडची राजाविना व्यवस्था (सु. ९३०–१२६२)

नॉर्वे व ब्रिटिश बेटांतून आलेल्या वसाहतकऱ्यांनी सु. ९३० मध्ये थिंगवेलिर येथे ‘आल्थिंग’ ही वार्षिक सभा सुरू केली. कायदे व न्यायालये होती. राजा, सैन्य, पोलीस यांपैकी काहीच नव्हते. पगारी अधिकारी एकच, तो म्हणजे कायदावक्ता. तीन वर्षांसाठी निवडलेल्या या माणसाने दरवर्षी एकतृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणून दाखवायचा. कायदा लिहून काढण्यास १११७–१८ च्या हिवाळ्यात सुरुवात झाली.

न्यायाधीश नेमण्याचा हक्क गोथी म्हणवणाऱ्या पुढाऱ्यांकडे असे. ते आरंभी ३६ व सु. ९६५ नंतर ३९ होते. गोथीपद ही मालमत्ताच होती. ते विकता येई, वारशाने मिळे, वाटूनही घेता येई. प्रत्येक कुटुंबप्रमुखाला कोणातरी गोथीशी बांधून घ्यावे लागे, पण पटले नाही तर तो बदलण्याची मुभा होती. या मुभेमुळेच गोथींवर वचक राहिला.

खुनाची दाद कोणी सरकार मागत नसे. मृताच्या नातलगांनीच फिर्याद करायची. मारणाऱ्याने जवळच्या घरी जाऊन आपले कृत्य लगेच जाहीर करणे बंधनकारक होते. लपवले तर तो अधिक नीच गुन्हा ठरे. शेजारच्या पाच किंवा नऊ शेतकऱ्यांना पंच म्हणून बोलावले जाई. पुष्कळ तंटे मध्यस्थांकरवी भरपाईवर मिटत. न मिटल्यास शिक्षा तीन वर्षांची हद्दपारी किंवा पूर्ण बहिष्कार. पूर्ण बहिष्कृताला कोणी अन्न-आसरा द्यायचा नाही, आणि त्याला ठार मारणाऱ्यावर दावा चालत नसे. त्याच्या मालमत्तेची जप्तीही फिर्यादीनेच पार पाडायची.

मग दुबळ्याने काय करायचे? दावा दुसऱ्याच्या नावे करून देता येई. एखाद्या गरिबाचा हक्क बलवान माणूस मोबदला घेऊन चालवी. त्यात कधी जमीनही जाई. न्याय मिळे, पण फुकट नव्हे. देशाच्या चार विभागांसाठीच्या चार न्यायालयांत निकालाला जवळपास एकमत लागत असल्याने खटले अडकत, त्यांसाठी सु. १००५ मध्ये बहुमताने निर्णय देणारे पाचवे न्यायालय स्थापन झाले.

गोथींहून वेगळी ‘ह्रेप’ ही स्थानिक संघटना होती. किमान २० शेतकरी मिळून ती बने. गरिबांचे पोषण तिच्याकडे असे. कोणाची पाव किंवा अधिक गुरे रोगाने मेली, तर निम्मे नुकसान इतर जण भरून देत.

बिघाड १०९६–९७ च्या धर्मदशांश करापासून सुरू झाला, असे मत प्रबळ आहे. कराचे चार भाग बिशप, पाद्री, चर्च व गरीब यांचे. मात्र चर्च ज्याच्या जमिनीवर, त्या मालकाच्या, म्हणजे बहुधा गोथीच्याच, हाती मधले दोन भाग पडत. अनुयायी सोडून गेले तरी न आटणारे उत्पन्न असे तयार झाले. तेराव्या शतकाच्या आरंभी बहुतेक गोथीपदे मोजक्या घराण्यांकडे एकवटली आणि गोथी बदलण्याची मुभा कागदावर उरली. १२३८ च्या ऑर्लिग्सस्टाडिरच्या लढाईत प्रतिस्पर्ध्यांच्या फौजाच भिडल्या. १२४१ मध्ये इतिहासकार व बलाढ्य गोथी स्नोरी स्टुर्लुसन मारला गेला. १२६२–६४ दरम्यान आइसलँडकरांनी नॉर्वेच्या राजाला कर देण्याचे मान्य केले.

राज्यसंस्था अनावश्यक मानणारे हे उदाहरण हमखास देतात. विखुरलेली शेतघरे, शहरांचा अभाव आणि परचक्राची भीती नसलेला समुद्र यांचा या तीन शतकांत किती वाटा होता, हे मात्र ते क्वचितच मोजतात.