एका दूध-नोंदीचे किती बाइट?

निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागातल्या दूध संकलन केंद्रावर सकाळची पाळी सुरू झाली की प्रत्येक सभासदामागे एक नोंद तयार होते: सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) आणि वेळ. काट्यावरचे आणि फॅट मशीनवरचे आकडे संगणकात येतात, पावती निघते आणि नोंद पुढे सर्व्हरकडे जाते. या पाच आकड्यांची नोंद बहुतेक प्रोग्रामर आज जेसनमध्ये, म्हणजे नाव आणि मूल्य अशा जोड्या साध्या मजकुरात लिहिण्याच्या स्वरूपात, ठेवतील:

{"सभासद":१३००,"लिटर":६.४,"फॅट":६.२,"एसएनएफ":८.९,"वेळ":१७५१३३०७००}

अंक इथे छपाईपुरते देवनागरीत आहेत. खऱ्या जेसनमध्ये संख्येसाठी इंग्रजी अंकच चालतात. देवनागरी किंवा कन्नड अंक आले की वाचणारा प्रोग्राम तिथेच थांबतो. वेळेचा आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद. आपल्या घड्याळाने ही वेळ १ जुलै २०२५, सकाळी सव्वासहाची.

आता बाइट मोजू. एक बाइट म्हणजे आठ बिट, आणि बिट म्हणजे एक ० किंवा १. आकड्यांना २३ बाइट लागले. कंस, अवतरणचिन्हे, अपूर्णविराम आणि स्वल्पविराम मिळून २१. उरलेले ६३ बाइट निव्वळ नावांचे, कारण यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा वेगळी चिन्हे धरली जातात. कन्नड लिपीचा हिशेबही हाच. एकूण १०७ बाइट. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे जेसन मॉड्यूल मूळ सेटिंगवर ठेवले तर ते प्रत्येक देवनागरी चिन्हाचा सहा अक्षरी संकेत लिहिते, अपूर्णविराम आणि स्वल्पविरामानंतर एकेक मोकळी जागाही सोडते, आणि हीच नोंद १७९ बाइटची होते. ही दोन्ही सेटिंगे बदलली की पुन्हा १०७. नावे रोमन लिपीत, पाचही मिळून २१ अक्षरांची ठेवली तर ६५.

हीच नोंद सीएसव्हीमध्ये, म्हणजे नुसती मूल्ये स्वल्पविरामांनी वेगळी करून एका ओळीत, लिहा. नावे फाइलच्या पहिल्या ओळीत एकदाच येतात, पुढे प्रत्येक नोंदीला ओळ संपवणाऱ्या चिन्हासह फक्त २८ बाइट. अजून बायनरीला (आकडे मजकुराऐवजी थेट बाइटांत ठेवणाऱ्या स्वरूपाला) हातही लावलेला नाही आणि तीन चतुर्थांश वजन उतरले. ‘बायनरी म्हणजे लहान’ असे सरसकट म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे. खरा भार नावे दर वेळी पुन्हा पाठवण्याचा असतो.

मेसेजपॅक हे लोकप्रिय बायनरी स्वरूप घ्या. जेसनच्या जागी ते जसेच्या तसे बसवले तर देवनागरी नावांसह नोंद १०४ बाइटची होते. सगळी खटपट करून वाचले तीन बाइट! नावे तशीच राहिली आणि ६.४ सारख्या प्रत्येक दशांश संख्येने ९ बाइट घेतले. पण नावे काढून नुसती क्रमवार यादी पाठवली आणि ६.४ ऐवजी ६४, ६.२ ऐवजी ६२, ८.९ ऐवजी ८९ असे पूर्णांक ठेवले, तर तेच मेसेजपॅक १२ बाइटांत मावते. दहापटीचा पूर्णांक ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. ३२ बिटांच्या दशांश स्वरूपात ६.४ नेमका बसत नाही, तो ६.४००००००९५ च्या आसपास साठवला जातो. पैशाचा हिशेब फॅटवर असताना हे टाळलेलेच बरे.

गूगलने २००८ मध्ये खुले केलेले प्रोटोबफ हे बायनरी स्वरूप नावाऐवजी क्रमांक वापरते. ‘१ म्हणजे सभासद, २ म्हणजे लिटर’ हे एका वेगळ्या आराखडा-फाइलमध्ये लिहिलेले असते. त्यात सभासद १३०० ही माहिती ८, १४८, १० अशा तीन बाइटांत जाते. ८ हा ‘क्षेत्र १, पूर्णांक’ असा शिक्का आहे. पुढे संख्या सात-सात बिटांच्या तुकड्यांत, खालचा तुकडा आधी, आणि बाइटचा वरचा बिट १ असेल तर ‘अजून पुढे आहे’ असा अर्थ. १३०० म्हणजे १० गुणिले १२८ अधिक २०. वीसमध्ये १२८ मिळवून १४८, मग १०. संपूर्ण नोंद १५ बाइट. १ ते १५ क्रमांकांच्या क्षेत्रांना शिक्का एका बाइटचा, १६ पासून दोनचा, म्हणून रोज लागणाऱ्या गोष्टींना लहान क्रमांक द्यावेत. ऋण संख्या येणार असतील तर साधा पूर्णांक प्रकार घेऊ नये: उणे एकलासुद्धा १० बाइट लागतात. त्यासाठी लहान ऋण संख्या थोड्या बाइटांत बसवणारा झिगझॅग पद्धतीचा प्रकार आहे.

नावे काढली की जबाबदारी आराखड्यावर येते, आणि बिघाड तिथेच होतात. क्षेत्र काढून टाकले आणि त्याचा क्रमांक नव्या क्षेत्राला दिला, तर जुन्या केंद्रावरचा प्रोग्राम एसएनएफ पाठवील आणि सर्व्हर ते पाण्याचे प्रमाण समजून घेईल. चूक दाखवणारा संदेशही येणार नाही. काढलेला क्रमांक राखीव म्हणून नोंदवून ठेवावा. दुसरा धोका शून्याचा. प्रोटोबफची तिसरी आवृत्ती साध्या क्षेत्रातला शून्य पाठवतच नाही, त्यामुळे ‘फॅट शून्य आले’ आणि ‘फॅट मोजलेच नाही’ यांत फरक उरत नाही. ते क्षेत्र ऐच्छिक म्हणून जाहीर केले की फरक कळतो. तिसरी गोष्ट, प्रोटोबफची नोंद कुठे संपते हे तिच्यात लिहिलेले नसते. एका फाइलमध्ये अनेक नोंदी ठेवायच्या तर प्रत्येकीआधी तिची लांबी लिहावी लागते.

आराखडा-बिराखडा नको, सी भाषेतले स्ट्रक्चरच (मेमरीत मांडलेली नोंद जशीच्या तशी) थेट फाइलमध्ये ओतू, असा मोह होतो. हिशेबाने ही नोंद ९ बाइटची. पण सभासद, तीन मोजमापे आणि शेवटी वेळ या क्रमाने लिहिली तर कंपायलर (प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन) अधेमधे तीन रिकामे बाइट घालतो आणि ती १२ ची होते. त्याहून वाईट म्हणजे बाइटांचा क्रम. १३०० एका यंत्रावर २०, ५ असा लिहिला आणि दुसऱ्याने उलटा वाचला, तर तो ५१२५ होतो. दूध भलत्याच सभासदाच्या खात्यावर जमा!

मजकुरी स्वरूप मात्र आपोआप सुरक्षित असते, असेही नाही. बेळगाव भागात ते विशेष जाणवते. जुन्या याद्या कन्नडमध्ये नुडी आणि मराठीत श्रीलिपी यांच्या युनिकोडपूर्व (सर्व लिप्यांचे सामाईक संकेत रूढ होण्याआधीच्या) फॉन्टमध्ये टाइप केलेल्या सापडतात. फाइल साध्या मजकुराची, पण फॉन्ट नसला की नुसती चिन्हांची खिचडी दिसते. यूटीएफ-८ सीएसव्ही फाइलच्या आरंभी ओळखीचे तीन बाइट नसतील तर एक्सेल थेट उघडताना देवनागरी बिघडवू शकते. बँक खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये ते उडवते आणि पंधरा अंकांपुढचे अंक शून्य करते. तो रकाना आयात करतानाच ‘मजकूर’ म्हणून निवडावा लागतो.

मग बायनरी कधी? तीनशे सभासदांचे केंद्र दोन पाळ्यांत ६०० नोंदी करते. जेसनमध्ये त्या ६४ किलोबाइट, प्रोटोबफमध्ये ९. दिवसाची फाइल जीझिप या फाइल लहान करणाऱ्या साधनाने दाबली की वारंवार येणारी नावे जवळजवळ फुकटात जातात आणि फरक आणखी घटतो. एवढ्यासाठी सीएसव्ही किंवा जेसन पुरेसे आहे. सुट्या नोंदीला मात्र जीझिपचा उपयोग नाही, त्याचे वेष्टणच १८ बाइटचे असते.

खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीच्या जंगलपट्ट्यात पर्जन्यमापक बसवायचा तर गणित उलटे होते. लोरावॅन या कमी विजेच्या, लांब पल्ल्याच्या रेडिओ जाळ्याच्या भारतातल्या पट्ट्यात, सर्वांत लांब पल्ल्याच्या वेगावर, एका संदेशात ५१ बाइटच मावतात. मघाची जेसन नोंद रोमन नावांनीही त्यात बसत नाही. १५ बाइटच्या प्रोटोबफ नोंदी, प्रत्येकी दोन बाइट वेष्टणासह, बरोबर तीन बसतात. पावसासाठी मिलिमीटर पाठवू नयेत, मापकातली छोटी बादली भरून कितीदा उलटली ती एकूण संख्या पाठवावी. मधला संदेश हरवला तरी पुढच्या संदेशातून एकूण पाऊस निघतो.

वेगाबद्दल जाहिरातींवर विसंबू नये. दशांश मजकुरातून नेमकी संख्या काढणे प्रोसेसरला महाग पडते हे खरे. पण सिमडीजेसनसारखी लायब्ररी सेकंदाला गिगाबाइटच्या पातळीवर जेसन वाचते, आणि पायथनमध्ये निव्वळ पायथनात लिहिलेले बायनरी वाचक सीमध्ये लिहिलेल्या जेसन वाचकाच्या मागे पडू शकते. आपल्याच एक लाख नोंदी घ्या, लिहिणे व वाचणे वेगळे मोजा, डिस्कचा वेळ बाजूला काढा, दोन्हीकडे दाबण्याची पद्धत सारखी ठेवा. वर्षभराच्या नोंदींतून फक्त फॅटची सरासरी हवी असेल तर रकान्यांप्रमाणे साठवणारे पार्के हे स्वरूप घ्यावे. ते फॅटचा रकानाच वाचते, बाकीच्यांना हात लावत नाही.

तपासणीसाठी जेसनला जेक्यू आणि बायनरीला एक्सएक्सडी ही साधने पुरतात. आराखडा हाताशी नसला तरी प्रोटोबफचा कंपायलर ‘डिकोड रॉ’ पर्यायाने क्षेत्रांचे क्रमांक आणि मूल्ये दाखवतो, मात्र नावे दाखवू शकत नाही. म्हणून आराखडा-फाइलची प्रत प्रत्येक बॅकअपमध्ये माहितीच्या शेजारीच ठेवावी, सोबत एका नोंदीचे बाइट आणि तिचे अपेक्षित आकडेही.